मुक्या ऐरणीचे गिऱ्हाईक

लोहार नवरा गेल्यापासून सारानच्या अंगणातली ऐरण मुकी होती. ऐरण म्हणजे रेल्वेच्या जुन्या रुळाचा तुकडा. मुलगे ती सोडून राजधानीत, बामाकोत टॅक्सी चालवत होते. विकत मागणाऱ्या तिघांना थकलेल्या लोहारणीने परत पाठवले होते. आज डेम्बा आला, दुष्काळात गुरे गमावलेला, फुलानी जमातीचा गुराखी. सुऱ्या घडवायला शिकण्यासाठी घेतलेली स्वस्त, रंगवलेली ऐरण त्याने पुढे ठेवली. सारानने हातोडा टाकून पाहिला. तो उसळलाच नाही. “ठिसूळ ओतीव बीड आहे, दुधखुळ्या. चार दिवसांत तडकेल.” “मग तुमची द्या, कोळसाखाऊ लोहारीणबाई,” तो हसून म्हणाला. लोहार आणि फुलानी यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचे. शिव्या कितीही द्याव्यात, पण मागितलेल्या गोष्टीला नकार देता येत नाही. “घे,” सारान म्हणाली. डेम्बा उचलायला वाकला. “हलवू नकोस. तुझीच आहे, पण रोज इथेच येऊन ठोक. या शांततेत मला झोप लागत नाही.”