निरोगी नमुना

आतड्याच्या कॅन्सरमध्ये काही पेशी महाचिवट असतात. औषधांचा मारा सुरू झाला की दडी मारतात आणि सगळं शांत झालं की पुन्हा बिऱ्हाड थाटतात. लॅबमधल्या बाईंचं म्हणणं असं, की या पेशींचं एक प्रोटीन रक्तात उतरतं, आणि निरोगी माणसाच्या रक्तात ते औषधालासुद्धा सापडायचं नाही. यावरून त्यांचं साहेबांशी रोज वाजायचं.

आज ताडून बघायला म्हणून बाईंनी एका धडधाकट गड्याचं रक्त मशीनला लावलं, तर तिथंही तेच प्रोटीन ठसठशीत उमटलं. त्यांनी नळीवरची चिठ्ठी तपासली, पुन्हा लावलं. पुन्हा तेच!

"घ्या!" साहेब मिशीतल्या मिशीत हसले. "दगड पचवणारा गडी म्हणालात ना? मग त्याच्या रक्तात हे आलं कुठून? आपटला की हो तुमचा सिद्धांत तोंडावर! आता तरी म्हणा, चुकले."

एरवी एकाला चार ऐकवणाऱ्या बाईंनी साहेबांची बाही धरली.



"चुकलेच असेन ना हो साहेब? शपथेवर सांगा… ते रक्त आमच्या ह्यांचं आहे."