जोडावरचा ओरखडा

समुद्राखाली टाकायच्या केबलच्या जोडावरून हात फिरवताना हौसाताईंच्या बोटाला ओरखडा जाणवला, केसाएवढा. "पुन्हा घासावं लागेल," त्या म्हणाल्या.

"मशीननं पास केलंय," मॅनेजर म्हणाला. "जहाज बंदरात उभं आहे, परदेशी गिऱ्हाईक दारात. जोड बंद करा."

कामाआधी उतरवून ठेवलेल्या बांगड्या हौसाताईंनी डबीतून काढल्या आणि एकेक करून हातात चढवल्या. बांगड्या घालून जोडाला हात लावायचा नाही, हा नियम मॅनेजरचाच होता.

"या ओरखड्यापायी समुद्राच्या तळाशी केबल जळाली, तर तुम्ही बुडी मारणार का?" त्यांनी विचारलं.

दारातल्या गिऱ्हाइकानं सोबतच्या दुभाष्याकडून सगळं समजून घेतलं. मग घड्याळ, अंगठी त्याच डबीत ठेवून त्यानं जोडावरून बोट फिरवलं. ते मध्येच थांबलं.

हौसाताई बांगड्या उतरवायला लागल्या. "साहेब," त्या मॅनेजरला म्हणाल्या, "पॉलिश पेपर द्या."