सुटलेला पट्टा

हौस नवऱ्याची, दमछाक शालनची. शिकारीसाठी नावाजलेला कारवानी कुत्रा, पाखऱ्या, त्यानं फ्लॅटात आणला. रोज त्याला माळावर पळवून आणायचं काम मात्र तिच्या गळ्यात पडलं. त्याच्या ओढीनं तिचा खांदा कायमचा धरला होता.

आज तिनं मुद्दाम पट्टा सोडला. "जा बाबा, सुटलास." पाखऱ्या बाणासारखा दिसेनासा झाला. तिनं हाक मारली नाही. अंधारून येईपर्यंत तिथंच टेकली आणि मग रिकामा पट्टा घेऊन जड पायांनी घरी आली.

सासूबाई दारातच होत्या. "होतीस कुठं? हा पाखऱ्या कधीचा येऊन बसलाय. आमची सगळ्यांची जेवणं झाली, पण हा भाकरीला तोंड लावेना. तुझी वाट बघतोय."

शालन उंबऱ्यावरच बसली. या घरात तिच्यासाठी आजवर कुणी जेवायचं थांबलं नव्हतं.