मॅडमचा अंदाज

"यंदाच्या मोसमात कोण गाजणार?" अमरावतीतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या उद्‌घाटनाला सूत्रसंचालकाने विचारलं. सभागृहातून एकच नाव आलं, "रेवती!" गेल्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू तीच होती.

मृण्मयी शेवटच्या रांगेत बसली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिचं अख्खं वर्ष मैदानाबाहेर गेलं होतं. आज जर्सी परत करायची आणि खेळ सोडायचा, असं ठरवूनच ती आली होती.

माईक तिच्या प्रशिक्षक शिरभाते मॅडमकडे गेला. त्या म्हणाल्या, "माझा अंदाज, मृण्मयी."

सभागृहात कुजबुज झाली. सूत्रसंचालक हसला. "मॅडम, तिला तर धड चालताही येत नव्हतं!"

"म्हणून तर ती खुर्चीत बसून बास्केट करायला शिकली. वर्षभर बघतेय मी. आता उभी राहिल्यावर तिला कोण अडवणार?"

मृण्मयीचे कान तापले. आपल्याला कुणी बघतंय, हे तिला ठाऊकच नव्हतं. जर्सी बॅगेतच राहिली.

पहिल्या सामन्यात ती बिचकत खेळली, दुसऱ्यात आपटली. पण गुडघा टिकला, मग भीतीही गेली आणि उपांत्य सामना संघाने तिच्याच बास्केटने जिंकला.

मोसमाच्या शेवटी सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस मात्र पुन्हा रेवतीलाच मिळालं. सूत्रसंचालकाने मॅडमना चिडवलं, "चुकला की तुमचा अंदाज!"

मॅडमच्या आधी मृण्मयीच बोलली, "चुकला नाही हो. मॅडम फक्त एक वर्ष लवकर बोलल्या."