चेंडू आणि कडवं

"अख्खं थिएटर गायलं तर तुमचं कार्टून खातं राहील, नाहीतर सोमवारी टाळं," म्हणत मालक भार्गवरावांशेजारी बसले. अंधार झाला.

पडद्यावर अस्वल नाचू लागलं. खाली गाण्याचे शब्द उमटले आणि भार्गवरावांनी तीन महिने खपून काढलेला चेंडू एकेका शब्दावर उड्या मारू लागला. लोकांनी त्याच्यासोबत गायचं, एवढंच. लोकांनी चेंडूला शिट्ट्या मारल्या. गायलं कुणीच नाही. त्यांना वाचता येतं का, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

एवढ्यात बायकांच्या बाकांवरून एकच आवाज उठला.

"एक तरी वाचणारी निघाली! कोण हो ती?" मालकांनी विचारलं.

ती भार्गवरावांची निरक्षर बायको होती. घरात ऐकून तिला एक कडवं पाठ झालं होतं.

"कुणास ठाऊक," भार्गवराव म्हणाले.

चेंडू दुसऱ्या कडव्यावर गेला. ती पहिलंच पुन्हा गाऊ लागली.