पाच बार

पहिली गोळी नाल्याच्या दरडीत घुसली. दुसरीच्या वेळी पिस्तूल पुन्हा अडकलं.

“बघ! न्हाई म्हनलं व्हतं?” सुभेदार सहादेवांनी ते आसारामच्या हातात ठेवलं. “पहिला बार सरळ, दुसऱ्याला आडमुठेपना.”

पेन्शनीत आल्यापासून घोडेगावात सुभेदारांचा एक मान होता. दसऱ्याला सगळं गाव शिवेवर जमायचं, आणि त्यांच्या पिस्तुलाचे पाच बार झाल्याशिवाय कुणी आपट्याच्या पानाला हात लावायचं नाही. गेल्या दसऱ्याला एकच बार झाला. मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्या शिट्ट्या सुभेदारांच्या कानातून वर्षभर गेल्या नाहीत. आज खंडेनवमी होती आणि उद्या पुन्हा दसरा. म्हणून पलटणीत हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आसारामला त्यांनी नगरहून मुद्दाम बोलावलं होतं.

आसारामनं सगळं करून पाहिलं. स्प्रिंग बदलली, मॅगझिन बदललं, नवी काडतुसं भरली. त्याच्या हातात पाचही गोळ्या सुरळीत सुटल्या. पिस्तूल सुभेदारांच्या हातात गेलं की दुसरीला आधीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी तोंडातच अडकायची.

आता त्यानं दरडीकडं पाहिलं नाही, हाताकडं पाहिलं. बार झाला की सुभेदारांचं मनगट मागं ढिलं पडत होतं. मागं मूठ घट्ट नसेल तर पिस्तुलाचा वरचा भाग पुरता सरकत नाही आणि पुंगळी बाहेर पडत नाही. नव्या रंगरुटांना आसाराम यावरून शिव्या घालायचा. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण त्याच्या मनात आली आणि त्याची त्यालाच लाज वाटली. त्याला बंदूक धरायला शिकवलं होतं ते याच हातांनी.

“काय झालंय त्याला?” सुभेदारांनी विचारलं. आवाज दरडावणीचा होता, पण डोळ्यांत भीती होती.

“बघतो, साहेब,” म्हणत आसारामनं उगाच पुन्हा पिस्तूल खोललं.

बाभळीखाली रंगुबाई बसल्या होत्या. अलीकडं नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं त्याच लावून द्यायच्या. त्या पदर सावरत उठल्या.

“भावजी, माझंच चुकलं. सकाळी पुजंला मी हळदकुंकू वाहिलं त्याच्यावर, चांगलं मूठभर. गेल्या साली बी वाहिलं व्हतं. त्येच आत गेलं असंल.”

आसारामनं पिस्तूल उजेडात धरलं. आत कुंकवाचा कणही नव्हता. त्यानं रंगुबाईंकडं पाहिलं. त्यांनी नजर हलवली नाही.

“व्हय वैनी,” तो म्हणाला. “पार खोल बसलंय कुंकू. हितं निघायचं न्हाई.”

सुभेदारांच्या तोंडावर रक्त चढलं. “अगं, हत्यार हाय ते, देव्हाऱ्यातला टाक न्हाई! येवढा संसार केला पलटणीच्या मानसासंगं, पन अक्कल शून्य!”

“चुकलं म्हनलं न्हवं?”

“साहेब, उद्या एकच बार करा,” आसाराम म्हणाला. “दुसरा करू नका.”

“अन् मानाचे बाकीचे चार?”

“कुनी इचारलं तर सांगा, बायकूनं घोळ घातला,” रंगुबाई म्हणाल्या. “हसतील ते मला हसतील.”

आसाराम एस.टी. गाठायला पुढं गेला. पिस्तूल फडक्यात गुंडाळून दोघं पांदीनं घराकडं निघाली. भेगाळलेल्या रानात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी सुभेदार तिकडंच बघत चालले.

“पिस्तुलाच्या पेटीला कुलूप व्हतं,” अखेर सुभेदार म्हणाले. “चावी माज्या करदोड्याला. पूजा मीच केली, नुसतं फूल वाहिलं.”

रंगुबाईंनी चाल मोडली नाही.

“मग घरी गेल्यावर लगीच कुलूप लावू नका. कुंकू वाहून ठिवते,” त्या म्हणाल्या. “सनासुदीचं तुमच्या तोंडातनं खोटं नको जायला.”