दोनातली खोटी

शाळेच्या वाचनालयातला बोलका पडदा रोज दोन गोष्टी सांगे. एक खरी, एक मुद्दाम खोटी. मुलांनी पुस्तकं चाळून खोटी ओळखायची.

"दुपारी धरणाचं पाणी सोडणार, नदीपात्र रिकामं करा," पडदा बोलला. "आणि वटवाघूळ अंडी घालतं."

"भर उन्हाळ्यात पूर म्हणे! हेच खोटं," दिगू म्हणाला, आणि वर्ग खिदळला.

शेवंता हसली नाही. तिची आय नदीपात्रातल्या कलिंगडांच्या वाफ्यात वाकलेली होती. तिने झटकन प्राण्यांचं पुस्तक उघडलं. चित्रात वटवाघूळ पिलाला पोटाशी धरून दूध पाजत होतं.

"बाई, खोटं सापडलं."

"शाबास! अगं, मग रडतेस का?"

"म्हणजे पाणी खरंय, बाई!"

शेवंता नदीकडे धावत सुटली. मागोमाग बाई, अनवाणीच.